सायकलचा टायर घेताय? आधी त्याच्या बाजूवरचा आकडा वाचा, मग किंमत विचारा

पौड (ता. मुळशी) : सकाळच्या पाळीला निघालेला कामगार पिरंगुटच्या अलीकडे दोन किलोमीटरवर सायकल हातात धरून चालतोय, मागचं चाक बसलंय आणि गेटवर वेळ भरत आलीय. मुळशीच्या रस्त्यांवर हे चित्र नवीन नाही. पंक्चरचे चाळीस-पन्नास रुपये एक वेळ परवडतात, पण त्यापायी पडलेला खाडा परवडत नाही. शाळा-कॉलेजच्या मुलींचंही तेच. बारावीच्या पेपरच्या दिवशी टायर दगा देत नाही, असं कोण सांगणार?

सायकल घेताना लोक रंग पाहतात, गिअर पाहतात, कॅरिअर भक्कम आहे का ते पाहतात. टायर मात्र 'दुकानदार देईल तो' अशा हिशेबाने घेतला जातो. खरं तर रस्त्याला टेकतो तो फक्त टायर. तो नीट निवडला आणि त्यात हवा योग्य ठेवली, तर बरीचशी पंक्चरं होण्याआधीच टळतात. त्यासाठी महागडा टायरच लागतो असंही नाही. चार-पाच गोष्टी माहीत असल्या की पुरे.

मुळशीचा रस्ता टायरला काय करतो?

एकाच तालुक्यात तीन तऱ्हेचे रस्ते आहेत. भूगाव, भुकूम, पिरंगुट हा पुणे-कोलाड मार्गाचा पट्टा अवजड गाड्यांचा. ट्रक-डंपरचे टायर फुटले की त्यातल्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पडतात, आणि सायकल चालते नेमकी कडेनेच. केसासारखी बारीक तार टायरमध्ये शिरते. बाहेरून दिसत नाही, पण आत ट्यूबला टोचत राहते.

दुसरा रस्ता वाडी-वस्तीचा : खडी, मुरूम, मध्येच सिमेंटचा तुकडा. इथे टोकदार खडीने टायरच्या बाजू चिरतात. बांधाच्या कडेने बाभूळ, बोर, करवंदीचे काटे आणि उन्हाळ्यात सराटे असतात ते वेगळेच.

तिसरा रस्ता धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जाणारा. चढ, उतार, वळणं आणि चार महिने पाऊस. पावसात पंक्चर जास्त का होतात, याला कारण आहे. ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापलं जातं. शिवाय पाण्याबरोबर काच, खडी, तारा वाहून रस्त्याच्या कडेला जमतात. म्हणून झिजलेला टायर बदलायचा असेल तर तो मृगाच्या आधी बदलावा. आषाढात भर पावसात रस्त्यावर उभं राहून ते सुचण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट माप : 'सव्वीसचा द्या' एवढं सांगून भागत नाही

दुकानात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. 'सव्वीसचा' म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात. रेंजर सायकलचा २६ × १.९५ आणि लेडीज सायकलचा २६ × १⅜ हे दोन्ही सव्वीसचेच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या टायरच्या बाजूवर इंचाच्या मापाशेजारी आणखी एक जोड-आकडा असतो, उदाहरणार्थ ३७-५९०. हे जगभर चालणारं माप आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा आकडा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडं कमी-जास्त चालतं.

आपल्याकडे नेहमी लागणारी मापं अशी :

- जुनी काळी मोठी सायकल, २८ × १½ : दुसरा आकडा ६३५
- गिअरची किंवा हायब्रिड सायकल, ७०० सी : ६२२
- २९ ची एमटीबी : हीसुद्धा ६२२
- २७.५ ची एमटीबी : ५८४
- लेडीज सायकल, २६ × १⅜ : ५९०
- रेंजर किंवा एमटीबी, २६ × १.७५ ते २.१० : ५५९

यात एक गंमत बघा. ७०० सी च्या काही टायरवर '२८' असंही छापलेलं असतं. तेवढंच वाचून तो काळ्या सायकलसाठी नेला तर १३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि टायर बसत नाही. तसंच १.७५ आणि १¾ गणितात सारखे असले तरी टायरच्या दुनियेत ते वेगळे आहेत. दशांशाचा टायर दशांशाच्या जागी, अपूर्णांकाचा अपूर्णांकाच्या जागी.

दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरच्या आकड्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. हेलपाटा वाचतो.

रुंदी : बारीक टायर पळतो, पण खड्ड्यात कोण सांभाळणार?

जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यात झाली. तिचा एक टप्पा मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून गेला. त्या सायकली पाहून गावोगावच्या पोरांना बारीक टायरची भुरळ पडली तर नवल नाही. पण त्या शर्यतीत खेळाडूंच्या मागे सुटी चाकं घेतलेली गाडी असते, आणि शर्यतीसाठी रस्ता आधीच मोकळा केलेला असतो. आपल्या मागे कुणी चाक घेऊन येत नाही.

रोजच्या वापराला ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर बहुतेकांना योग्य. काळ्या सायकलचा १½ इंची टायर साधारण ४० मिलिमीटरचाच असतो. जुन्या लोकांची सायकल खडीच्या रस्त्यावर दूध, भाजी, पोती घेऊन वर्षानुवर्षं चालली, त्याला हेही एक कारण. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे खड्ड्यात रिम थेट आपटत नाही.

मात्र रुंद टायर घेताना तीन जागा तपासा : मडगार्ड, पुढचा चिमटा आणि ब्रेक. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा उरली पाहिजे. नाहीतर भात लावणीच्या दिवसांत चिखल भरला की चाक जाम होतं.

नक्षी : खोल खाचा म्हणजे जास्त पकड, हा गैरसमज

मोटारीच्या टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, वेग कमी. तो रस्त्यावरचं पाणी स्वतःच बाजूला सारतो. त्यामुळे डांबरी रस्त्यावर, पावसातसुद्धा, साधी बारीक नक्षी पुरते. उंच गुठळ्यांचा टायर चिखलात आणि शेतरस्त्यावर कामाला येतो. डांबरावर मात्र तो जड चालतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो.

पौड ते पिरंगुट असं दहा-बारा किलोमीटर रोज डांबरावरून जायचं असेल तर उंच गुठळ्यांचा टायर म्हणजे पायांना फुकटची शिक्षा. निम्मा डांबर, निम्मा कच्चा रस्ता असेल तर मध्ये सलग सपाट पट्टी आणि कडांना खाचा, असा टायर पाहावा.

आत काय आहे ते महत्त्वाचं

टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत नायलॉनच्या धाग्यांचा सांगाडा असतो आणि दोन्ही कडांना रिमला धरून ठेवणारी तार. काही चांगल्या टायरमध्ये रबर आणि सांगाडा यांच्यामध्ये पंक्चर रोखणारी वेगळी पट्टी असते. ती मजबूत धाग्यांची तरी असते किंवा जाड लवचिक रबराची. रोजच्या टायरमध्ये टिकाऊपणाचा सगळ्यात मोठा फरक याच पट्टीने पडतो.

जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या सायकलस्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यात ही रबरी पट्टी तब्बल ५ मिलिमीटर जाडीची असते. बारीक काटा किंवा तार तेवढं अंतर पार करून ट्यूबपर्यंत सहसा पोचत नाही. पण तो टायर जड असतो आणि किंमत हजारांत जाते. लुधियानाच्या राल्सन आणि मेट्रो, हैदराबादच्या हार्टेक्स अशा भारतीय कंपन्यांचे टायर त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात, आणि रोजच्या कामाला ते पुरतात. फक्त एकाच कंपनीत हलका आणि भारी असे दोन्ही माल असतात. म्हणून नाव विचारून थांबू नका. 'याच कंपनीचा जाड, पंक्चरची पट्टी असलेला आहे का?' असं विचारा.

काही टायरवर टीपीआय असा आकडा असतो. एका इंचात किती धागे, हे तो सांगतो. आकडा मोठा असला म्हणजे टायर टिकाऊ, असं नाही. जास्त धागे म्हणजे धागे बारीक, टायर हलका आणि मऊ. ओझं वाहणाऱ्या सायकलला कमी आकड्याचा, जाड धाग्यांचा टायर अधिक सोसतो.

दुकानात हाताने करायची परीक्षा

- टायरची बाजू अंगठ्याने दाबून वाकवा. बारीक चिरा दिसल्या तर माल जुना आहे. ऊन आणि हवेने रबर पडून पडूनही खराब होतं. दुकानाच्या बाहेर उन्हात टांगलेला टायर शक्यतो घेऊ नका.
- मधला भाग दोन बोटांत धरून बाजूशी तुलना करा. मध्ये स्पष्ट जाड लागला पाहिजे.
- कडेची तार कुठे वाकलेली, मुडपलेली नाही ना, ते बघा. तार मोडलेला टायर रिमवर कधीच सरळ बसत नाही.
- बाजूवर जास्तीत जास्त हवेचा आकडा आणि वर सांगितलेला जोड-आकडा दोन्ही छापलेले असावेत. काहीच छापलेलं नसेल तर तो टायर परत द्या.

पैशांचा हिशेब

समजा साधा टायर ३५० रुपयांना आणि जाड पट्टीचा ६०० ला मिळतोय. फरक २५० रुपयांचा. एका पंक्चरला ५० रुपये धरले तर पाच पंक्चरं वाचली की फरक वसूल. त्यात एक खाडा वाचला तर टायर जवळपास फुकटच पडला म्हणायचा. दोन्ही एकदम परवडत नसतील तर भारी टायर मागच्या चाकाला घ्या. बसणाऱ्याचं आणि कॅरिअरचं वजन तिथेच येतं, म्हणून मागचा टायर लवकर झिजतो आणि पंक्चरही तोच जास्त होतो.

चांगला टायर कमी हवेवर चालवला तर वाया

बरीच पंक्चरं काट्याने होतच नाहीत. हवा कमी असली की खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. अशी जोडीने भोकं दिसली तर टायरला दोष देऊ नका, हवा वाढवा.

हवा किती? टायरच्या बाजूवर पीएसआयमध्ये, म्हणजे बोलीतल्या 'पौंडात', आकडा असतो. तो वरची मर्यादा सांगतो, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. घरच्या घरी अंदाज असा : नेहमीचं ओझं लावून सायकलवर बसा आणि दुसऱ्याला मागचा टायर पाहायला सांगा. टायर उंचीच्या साधारण सातव्या हिश्श्याने दबलेला असावा. ४० मिलिमीटरच्या टायरला हे पाच-सहा मिलिमीटर होतं. त्याहून जास्त दबला तर हवा कमी. अजिबात दबत नसेल तर सायकल दगडासारखी उडते, आणि टोकदार खडीवर टायर चिरायची भीतीही वाढते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा चालते.

पेट्रोल पंपावरच्या मोठ्या मशिनने सायकलमध्ये हवा मारताना जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि मशीन भरतं झपाट्याने. क्षणात टायर रिमवरून सुटून ट्यूब फुटते. घरात हातपंप असावा आणि आठवड्यातून एकदा हवा पाहावी.

भोक नाही, तरी हवा जाते?

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यांच्याच नावाचा व्हॉल्व्ह आपल्या साध्या सायकलींना आजही असतो. त्यात रबराची बारीक नळी असते. ती कुजली, चिरली की हवा हळूहळू जाते. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून थकतो, भोक सापडत नाही. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, काम झालं. या नळीचे दोन तुकडे खिशात असू द्यावेत, खर्च नगण्य.

पंक्चर काढलं, पण कारण काढलं का?

आज काढलेलं पंक्चर उद्या पुन्हा होतं, कारण काटा किंवा तार टायरमध्येच राहिलेली असते. ट्यूब काढताना टायर कोणत्या बाजूने बसला होता ते ध्यानात ठेवा. व्हॉल्व्हपासून भोक किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर तीच जागा शोधा. आतून कापड फिरवा, कापड अडकेल तिथे तार आहे. उघडं बोट जोरात फिरवू नका, कापेल.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर दोष टायरचा नाही. रिमवरची पट्टी सरकली असेल किंवा स्पोकचं टोक वर आलं असेल.

जुगाड कुठपर्यंत चालतो?

टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या टायरची पट्टी घालायची पद्धत गावाकडे आहे. काट्याला ती अडवते हे खरं. पण पट्टीची टोकं जाड राहिली तर तीच ट्यूबला घासून भोक पाडतात. टोकं तासून पातळ करा. टायरची बाजू चिरली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घरापर्यंत येता येतं. तो कायमचा इलाज नाही.

हवा न लागणारे भरीव टायरही मिळतात. पंक्चरची कटकट जाते, पण प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट स्पोकला, रिमला आणि कमरेला बसतो. आपल्या रस्त्यांवर लांबच्या अंतराला ते नकोच. पंक्चर भरणारं द्रव जेल मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये चालतं. डनलॉप व्हॉल्व्हमध्ये ते चिकटून बसायची शक्यता जास्त.

नवा टायर पुढे की मागे?

मागचा टायर गुळगुळीत झाला की अनेक जण तो पुढे टाकतात आणि नवा मागे. ही चूक जिवावर बेतू शकते. मागचा टायर फुटला तर सायकल वळवळते, पण सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. ताम्हिणीच्या उतारावर किंवा चांदणी चौकाकडच्या गर्दीत हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. योग्य पद्धत अशी : मागचा संपला की पुढचा चांगला टायर मागे घ्या आणि नवा पुढे बसवा.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते आणि त्याबरोबर ट्यूबमधली हवाही. दाबून, सोडून, पुन्हा दाबून उतरा. बाजूने आवळणाऱ्या ब्रेकचं रबर टायरला घासत नाही ना, हेही निघण्याआधी पाहा. तसं घासत राहिलं तर चांगला टायरही काही दिवसांत बाजूने कापला जातो.

टायर बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

- मध्ये सपाट पट्टा पडून आतले धागे दिसू लागले.
- बाजूला फुगवटा आला. अशा टायरवर एक किलोमीटरही जाऊ नका.
- बाजूंच्या चिरा नख अडकेल एवढ्या झाल्या.
- काही बदल नसताना पंक्चर आठवड्या-आठवड्याला होऊ लागले.

नक्षी पुसली गेली एवढ्यावरून मात्र टायर फेकू नका. मध्ये रबर शिल्लक असेल तर तो डांबरावर अजून चालतो.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- कारखान्याला, कॉलेजला रोज डांबरावरून : ३५ ते ४० मिलिमीटर, बारीक नक्षी, पंक्चरची पट्टी.
- दूध, भाजी, ओझं वाहणारे : सायकलला बसेल तेवढा रुंद, जाड धाग्यांचा, मागे भारी टायर.
- वाडीचा कच्चा रस्ता जास्त : ४५ मिलिमीटरच्या पुढे, कडांना खाचा.
- शनिवार-रविवार धरण, ताम्हिणी फिरणारे : ३५ च्या आसपास पट्टीचा टायर, आणि सोबत सुटी ट्यूब, पंप, पॅच.

टायर बसवून झाला की एक शेवटचं काम दुकानातच करा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उंच रेघ असते. चाक सावकाश फिरवून ती रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते पाहा. कुठे आत गेली, कुठे वर आली, तर हवा सोडून टायर पुन्हा बसवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते दुकानात झालेलं बरं. पिरंगुटच्या अलीकडे, गेटची वेळ भरत आलेली असताना नको.